पुण्यात कुणी अपमान केला का?

पुण्याला जाऊन आलं की आमच्या अमरावतीत लोक आधी एकच प्रश्न विचारतात. काय पाहिलं, काय खाल्लं, हे सगळं मागाहून. आधी खुर्चीत टेकायच्या आत, "मग? कुणी अपमान केला का?"

मी सांगते, केला. एकदा माझाही झाला. पण या खेपेला मी पाहिलेला सगळ्यात मोठा अपमान माझा नव्हता, आणि तो व्हावा म्हणून मी स्वतः बसचे धक्के खात लोणी काळभोरपर्यंत जाऊन आले होते. एवढं ऐकलं की लोक जवळ सरकून बसतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसायची वेळ आली, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

मी इथल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. निवृत्त झाले तरी एक वेड काही गेलं नाही. शब्दाला अर्थ येतो कुठून? तो शब्दातच असतो, बोलणाऱ्याच्या मनात असतो, की आजूबाजूच्या प्रसंगात? या विषयावर मी घरच्यांचं डोकं इतकं खाल्लंय की मी 'शब्द' एवढं म्हटलं तरी सून मिक्सर चालू करते. अशा बाईला पुण्यातल्या एका अभ्यासमंडळाने याच विषयावर बोलायला बोलावलं, म्हणजे मला आकाश ठेंगणंच झालं. विश्रांतवाडीला माझा भाचा असतो, तो म्हणाला मावशी आमच्याकडेच उतर. पण मला उतरायचं होतं सुनंदाकडे. सुनंदा माझी होस्टेलमधली मैत्रीण. मूळची अकोल्याची, लग्न होऊन सदाशिव पेठेत गेली आणि तिथलीच झाली. आठ महिन्यांपूर्वी तिच्या यजमानांना, नानांना, अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं होतं. फोनवर ती "ठीक आहे गं" म्हणायची. ते मला ठीक वाटत नव्हतं.

सदाशिव पेठ

जानेवारीतली सकाळ होती. रिक्षावाल्याने मला पेठेच्या तोंडाशी सोडलं, कारण आतल्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं. बॅग ओढत मी निघाले. एका बाजूला स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला दातांचे, हाडांचे, कानांचे दवाखाने, आणि मधून स्कूटर काढणारी, पाठीवर सॅक घेतलेली पोरं. स्कूटर पुसत उभ्या असलेल्या एका गृहस्थांना मी सुनंदाचा पत्ता दाखवून विचारलं, "अहो दादा, हा बोळ कुठे आहे जी?"

त्यांनी पत्ता वाचला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोळ जागेवरच आहे," ते म्हणाले. "तुम्ही पुढे आलात."

आणि पुन्हा स्कूटर पुसायला लागले. आमच्याकडे असा पत्ता विचारला असता तर माणूस घरापर्यंत सोडायला आला असता, वाटेत चार नातेवाईक काढले असते आणि बहुतेक चुकीच्या घरी नेऊन चहा पाजला असता. मला राग आला. पण मागे वळले आणि बोळ खरोखरच तिथे होता.

सुनंदाने दार उघडलं. ती वाळली होती. गळ्यात पडली, मग लगेच सावरून म्हणाली, "तुझं 'जी' अजून गेलं नाही ना विजू? वरपर्यंत ऐकू आलं." मी संत्रा बर्फीचा डबा तिच्या हातात दिला आणि आत गेले.

नाना खिडकीशी पलंगावर बसले होते. या माणसाचं पेठेत चष्म्याचं दुकान होतं, आणि नंबर जितका अचूक काढायचे त्याहून जास्त नाव त्यांच्या जिभेचं होतं. "ही काळी फ्रेम कशी दिसेल?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "चष्मा चांगला दिसेल. पुढचं तुमच्या आईवडिलांना विचारा." आणि तरीही, किंवा म्हणूनच, लोक दुसरीकडे जायचे नाहीत. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

"कसे आहात नाना?" मी विचारलं.

"छे," नाना म्हणाले.

मी चरकले. सुनंदा शांतपणे म्हणाली, "बरे आहेत म्हणतायत. तुझा प्रवास कसा झाला, विचारतायत."

मग कळलं. हातपाय बरेचसे परत आले होते, उजव्या हातात थोडी कसर होती. बोलणं मात्र गेलं होतं. डॉक्टर म्हणत होते, त्यांना समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. एवढ्या मोठ्या भांडारातला एकच शब्द शिल्लक राहिला होता, छे. भूक लागली तरी छे, पोट भरलं तरी छे. सुनंदाने विचारलं, "चहा?" नाना म्हणाले, "छे." तिने कप आणून समोर ठेवला आणि ते तो प्यायला लागले.

"अगं, ते नको म्हणाले ना?" मी म्हटलं.

"नको असता तर पांघरूण ओढून घेतलं असतं. पाय खाली सोडलेत, दिसत नाही का तुला?"

माझ्या भाषणात मी हेच सांगणार होते. 'पाणी' हा शब्द तहानलेला माणूस म्हणतो तेव्हा एक, छत गळताना बघून कुणी म्हणतो तेव्हा दुसरा, आणि नळ आल्यावर सगळी चाळ ओरडते तेव्हा तिसराच. पानभर उदाहरणं काढली होती. इथे माझी मैत्रीण एकाच शब्दावर संसार चालवत होती. मला तिचं इतकं कौतुक वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की मी बर्फीचा तुकडा तोंडात टाकून बसले.

स्वयंपाकघरात ती खरं बोलली. "आधी छे तरी दिवसातून पन्नासदा म्हणायचे. आता तेही कमी होतंय. भेटायला येणाऱ्यांकडे पाठ करून झोपतात. डॉक्टर म्हणतात, माणसांत न्या, बोलणं कानावर पडू द्या, नाहीतर उरलंय तेही जाईल. पण हे जिना उतरत नाहीत. विजू, हा एक शब्द पण गेला ना, तर मी कुणाशी बोलू?"

अमृततुल्य

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नानांना खाली न्यायचं ठरवलं. गल्लीच्या टोकाला अमृततुल्य आहे, म्हणजे पितळी पातेल्यात आलं-वेलची घालून चहा उकळणारं जुनं दुकान. तिथे नानांचा रोजचा कट्टा भरायचा. मी म्हटलं, "नाना, मला तुमचा चहा प्यायचाय, चला." नाना म्हणाले, "छे," आणि सुनंदाने त्यांची टोपी शोधायला घेतली, तेव्हा मला कळलं की ते येतायत.

वळणापर्यंत पोहोचलो तेव्हाच कट्ट्याचा आवाज ऐकू येत होता. पाच-सहा म्हातारी मंडळी बाकड्यांवर बसली होती. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "तुम्ही फिरायला जाता? टेकडीला कळवून जात जा, तिलाही मनाची तयारी करावी लागते." दुसरा गल्ल्यावरच्या मालकाला म्हणाला, "आज चहात साखर आहे वाटतं?" त्यावर मालक, "कालची राहिली होती कपाला." सगळे खो खो हसले.

मग त्यांनी नानांना पाहिलं आणि एका क्षणात दुकानाचं इस्पितळ झालं. सगळे उठून उभे राहिले. कुणी खुर्ची आणली, कुणी ती फडक्याने पुसली. "या, या नाना! सावकाश! फार छान! फारच छान प्रगती!" एकाने तर कानाशी वाकून, एकेक अक्षर सोडवत विचारलं, "च-हा-घे-णार?"

"छे," नाना म्हणाले.

सगळ्यांनी सुनंदाकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

"घेणार म्हणाले," सुनंदा म्हणाली.

"उत्तम! उत्तम!" मंडळी म्हणाली. मालकाने बशी धरून कप आणून दिला, तोही अर्धाच भरलेला, सांडू नये म्हणून. "आपण लवकर पूर्ण बरे व्हाल," तो म्हणाला. मला गहिवरून आलं. मनात म्हटलं, लोक उगाच पुण्याला नावं ठेवतात. मी स्वतःसुद्धा नानांच्या पाठीवर हात फिरवत "वा नाना, छान चाललात हं!" असं काहीतरी म्हटलं.

नानांनी कपाला हात लावला नाही. ते उठले, काठी टेकत घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवणाला हाक मारली तर छेसुद्धा म्हणाले नाहीत.

सुनंदा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडायला लागली. इतक्या वर्षांत घासूनपुसून घेतलेली तिची पुणेरी भाषा गळून पडली. "काऊन करतेत वं असं?" ती म्हणाली. "सारे येवढे चांगले बोलले, तरी काऊन करतेत?" 'का'च्या जागी तिचं ते वऱ्हाडी काऊन ऐकून मलाही रडू आलं. ते आमच्या होस्टेलमधलं काऊन होतं.

भाषण

संध्याकाळी माझं भाषण होतं. खरं तर जायची इच्छा नव्हती. हॉल अर्धा भरला होता, म्हणजे तिथल्या हिशेबाने गर्दीच होती. स्वेटर आणि कानटोप्या घालून आलेली मंडळी हाताची घडी घालून अशी बसली होती की जणू मीच परीक्षेला बसलेय. मी माझी 'पाणी'ची उदाहरणं दिली, अर्थ शब्दात बांधून ठेवलेला नसतो, तो वापरातून आणि प्रसंगातून येतो, हे पटवून द्यायचा प्रयत्न केला. मधे पाणी पाणी म्हणताना मलाच तहान लागली आणि तांब्या रिकामा निघाला, ही त्या व्याख्यानातली एकमेव नाट्यमय घटना.

शेवटी पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही जे सांगितलंत ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. ते इतकं अवघड आहे, हे मात्र आज कळलं."

हॉल हसला. माझे कान तापले. झाला बाई एकदाचा, मी मनात म्हटलं, अमरावतीकरांसाठी न्यायला एक अपमान मिळाला. खाली उतरल्यावर मंडळाच्या चिटणीस बाईंनी माझा चेहरा पाहिला असावा.

"तुम्ही मनाला लावून घेतलंत की काय?" त्या म्हणाल्या. "अहो, ते तुम्हाला बोलले! मागच्या वक्त्यांना ते 'फार छान, फार छान' म्हणाले आणि नारळ हातात देऊन जिन्यापर्यंत पोहोचवून आले. त्यांनी फार छान म्हटलं की आम्ही समजतो, विषय संपला."

"म्हणजे त्यांना आवडलं?"

"आवडलं असं नाही म्हणणार मी. पुन्हा बोलवायला त्यांची हरकत दिसत नाही."

परत येताना मी अमृततुल्यवरून गेले आणि रस्त्यातच थांबले. मागून एक डिलिव्हरीवाला "आंटी, साइड!" म्हणून ओरडला तेव्हा भान आलं. फार छान, नाना. फारच छान प्रगती. सकाळी सगळ्या कट्ट्याने मिळून नानांना नारळ दिला होता. आयुष्यभर ज्या माणसांनी एकमेकांना टाकून बोलण्यातच माया केली, ती आता त्यांच्याशी गोड बोलत होती. त्या गोड बोलण्याचा त्या जागी, त्या माणसांत एकच अर्थ होता, की तुम्ही आता आमच्यातले राहिला नाहीत. नानांना सगळं समजतं असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांना ते अगदी बरोबर समजलं होतं. आणि तासभर प्रसंग आणि अर्थ यांवर बोलून आलेल्या विदुषी बाईंनी सकाळी त्यांच्या पाठीवर हात फिरवून वा वा म्हटलं होतं.

मी सुनंदाला हे सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. "आजारी माणसाला टाकून बोलायचं? तुझं डोकं फिरलंय?" मग पोळी लाटता लाटता थांबली. "लग्न होऊन आले तेव्हा मी आपली वऱ्हाडी पुरणपोळी केली होती. ही जाड. हे म्हणाले, 'ही खायची की उशाला घ्यायची?' मी दोन दिवस रडले. मग कळलं की रोज दुकानात डबा न्यायचे त्यात दोन पोळ्या लपवून नेत होते." ती हसली. हसता हसता एकदम म्हणाली, "बापू."

"कोण बापू?"

बापू लोणी काळभोरचे शेतकरी. पूर्वी मार्केटयार्डात भाजीचा टेम्पो खाली करून परत जाताना एकदा चष्मा करायला नानांकडे आले. स्वस्तातला दाखवा म्हणाले. नाना म्हणाले, "स्वस्त हवं असेल तर डोळे मिटून बसा." बापू म्हणाले, "डोळे मिटूनच तर तुमच्या दुकानात आलो." तेव्हापासून दोघांची गट्टी. बापू नानांना अरेतुरे करायचे, नाना त्यांना अहो म्हणून त्याहून वाईट बोलायचे. आठवड्यातून एकदा तरी बापू कट्ट्यावर यायचेच.

"झटका आल्यावर एकदा आले," सुनंदा म्हणाली. "पलंगाशी हात जोडून उभे राहिले. 'नानासाहेब, आपण आराम करावा,' म्हणाले. आणि गेले ते परत आले नाहीत. त्याच दिवशी हे पहिल्यांदा भिंतीकडे वळून झोपले. मला वाटलं, दमले."

लोणी काळभोर

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुलीला नानांपाशी बसवून आम्ही दोघी बसने निघालो. हडपसरच्या कोंडीबद्दल लिहीत नाही, त्यात लिहिण्यासारखं काही हलत नव्हतं. पुढे सोलापूर रस्त्याला लागल्यावर ऊस दिसायला लागला, मधेच प्लॉटिंगच्या कमानी, मधेच कॉलेजच्या पिवळ्या बसेस. हवेला गुळाचा वास होता, किंवा मला भूक लागली होती.

बापूंचं घर दुमजली स्लॅबचं, पण ते स्वतः अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. उंच, रापलेला माणूस. नाकावरचा चष्मा एका बाजूला कलंडलेला, काडी दोऱ्याने बांधलेली. सुनंदाला पाहून ते ताडकन उठले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"वहिनी? नाना... नाना हाय ना?"

"आहेत, आहेत," सुनंदा म्हणाली, तेव्हा ते परत बसले.

मग मात्र आमचं ऐकून घेण्याआधी भाकरी. बापूंच्या पत्नींनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा आमच्यापुढे ठेवला आणि अर्धी भाकरी जास्त घ्या म्हणून असा हट्ट केला की मला माहेरी आल्यासारखं वाटलं. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. सुनंदा म्हणाली, "पाणी द्या हो हिला, हिचं कालच यावर भाषण झालं."

जेवण झाल्यावर मी बापूंना कट्ट्यावरचा प्रकार सांगितला, आणि तुम्ही या, पूर्वीसारखं बोला, असं म्हटलं.

"ताई, मला जमायचं न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशी मी त्याला साहेब म्हनलो. जल्मात कधी म्हनलो न्हवतो. पन तो त्या पलंगावर पडल्याला, अन् माझ्या तोंडात शिवी सोडून दुसरं कायबी येईना. म्हनून हात जोडले अन् आलो. आवो, तो उलटून चार शब्द द्यायचा तवा मज्जा हुती. आता त्याच्या हातात काठीच न्हाई, अन् मी त्याच्यावर काठी उगारू व्हय? ही कसली दोस्ती?"

माणूस खरं बोलत होता. माझ्या विषयातली जाडजूड पुस्तकं डोळ्यांसमोरून गेली आणि एकही कामाचं निघालं नाही.

सुनंदा म्हणाली, "त्यांच्याकडे एक शब्द आहे बापू."

"येका शब्दानं काय हुतंय वहिनी?"

"तुमी कधी दुसऱ्याला दोन बोलू दिलेत?" बापूंच्या पत्नी दारातून म्हणाल्या. "अन् ह्यो चष्मा बघा. आठ महिनं झालं मोडून. लेक म्हनतो, हडपसरला नवा करू. तर म्हनत्यात, नाना बरा झाल्यावर बघंल. सारखं पडत्यात त्या चष्म्यापायी."

बापूंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. तो होता तसाच वाकडा बसला. "बघतो," एवढंच म्हणाले. निघताना त्यांनी ओल्या हरभऱ्याचे डहाळे उपटून मोठी जुडी आमच्या हातात दिली. बसमध्ये आम्ही दोघी ते हिरवे हरभरे सोलून खात होतो, आणि सुनंदा विचारत होती, "येतील का गं?" त्यांचं ते 'बघतो' कुठल्या अर्थाचं होतं हे मला सांगता येत नव्हतं. बापूंना मी जेमतेम दोन तास ओळखत होते.

निघायचा दिवस

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी नऊपर्यंत कुणी आलं नाही, दहापर्यंत नाही. नाना भिंतीकडे तोंड करून. मी बॅग भरत होते, सुनंदा उगाचच कपाट आवरत होती. मग जिन्यात जड पावलं वाजली.

बापू आत आले. नवीन टोपी, कडक धोतर, आणि नाकावर तोच वाकडा चष्मा. ते पलंगाजवळच्या खुर्चीत बसले. नाना वळले नाहीत. बापूंनी तोंड उघडलं, मिटलं. दोन्ही हात जोडण्यासाठी वर आले. ते हात त्यांनी परत मांडीवर आपटले.

"काय रं ए," ते म्हणाले. "मला यायला येवढे महिने का लागले, ठावं हाय? तुझा चष्मा लावून निघालो हुतो. रस्ताच दिसंना."

पाठ हलली नाही.

"अन् त्वां बोलनं बंद क्येलं, त्ये पेठेवर उपकारच झालं बघ. खाली समदी मान्सं खूश हायेत. गोड गोड बोलत्यात येकमेकांशी. म्हनत्यात, पैल्यांदा सुखानं च्या प्यायला मिळतोय."

सुनंदाने पदर तोंडावर धरला. माझ्या मनात आलं, आपण हे काय करून बसलो.

"येका डोळ्यानं आंधळा झालो मी तुझ्या दुकानापायी," बापू म्हणाले, आणि आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, "अन् तू निवांत झोपलायस. गिऱ्हाईक आलंय म्हनून उठायची तरी लाज बाळग की."

नाना वळले. डाव्या हातावर भार देऊन उठून बसले. त्यांनी बापूंच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या दोरा बांधलेल्या चष्म्याकडे पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. दुकानात कुणी दुसरीकडचा चष्मा घालून आलं की ते असंच बघायचे.

"छे!" नाना म्हणाले.

आल्यापासून मी ऐकलेलं छे हे नव्हतं. हे लांब, नाकातून आलेलं, संपूर्ण तिरस्काराचं, दुकानाच्या गल्ल्यावरचं छे होतं. अशी फ्रेम घालणारा माणूस, ती दोऱ्याने बांधणारा माणूस आणि ते बघावं लागणारे आपण, सगळं त्यात होतं. बापू रडता रडता हसायला लागले. "आला! आला रं माझा पट्ट्या!"

नानांनी त्यांच्या नाकावरून चष्मा काढून घेतला. दोरा दातांनी तोडला. डाव्या हाताने काडी धरून, अधू उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबत, ते बराच वेळ ती वाकवत राहिले. बिजागरी सैल होती, ती काही पूर्ण बसली नाही. पण चष्मा बापूंच्या नाकावर परत गेला तेव्हा जवळजवळ सरळ होता. मग नाना चपला शोधायला लागले.

आम्ही चौघं खाली उतरलो. कट्ट्याची मंडळी पुन्हा उठायला लागली, एकाने खुर्चीला हात घातला. "ठिवा ती खुर्ची!" बापू लांबूनच ओरडले. "बाकड्यावर बसंल की. त्याच्या बुडाला काय झालंय?"

मंडळी बावरली. नाना बाकड्यावर, आपल्या जुन्या जागी, शेजारच्याला कोपराने सरकवून बसले. गल्ल्यावरचा मालक त्यांच्याकडे क्षणभर टक लावून पाहत होता. मग त्याने कप भरला, काठोकाठ भरला, आणि समोर आपटला.

"घ्या," तो म्हणाला. "आठ महिने चहा बरा होत होता. नावं ठेवायला कुणी नव्हतं."

नानांनी दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा सांडला. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि पातेल्याकडे बघत म्हणाले, "छे."

सगळा कट्टा हसायला लागला, मालक सगळ्यात मोठ्याने. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती, सवयीने सांगायला तिने तोंड उघडलं होतं. पण काय म्हणाले, असं तिला कुणी विचारलंच नाही.